सामन्याचे वेळापत्रक छापता, तसे परतीच्या गाडीचेही छापावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडापानाचा मी अनेक वर्षांचा वाचक आहे. मोठी स्पर्धा जवळ आली की त्या पानावर खेळपट्टीचा स्वभाव, संभाव्य अकरा खेळाडू, हवामानाचा अंदाज आणि दोन्ही संघांची आजवरची कामगिरी अशी सगळी माहिती तपशीलवार येते आणि ती मी आवडीने वाचतो. मात्र जो माणूस तोच सामना प्रत्यक्ष पाहण्यासाठी परक्या शहरात जाणार आहे, त्याच्या उपयोगाची एक ओळही तिथे सापडत नाही. मैदान शहराच्या कोणत्या टोकाला आहे, तिथवर कोणती रेल्वे जाते, सामना संपल्यावर परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, आत कोणती पिशवी चालते आणि सामना नसलेल्या दिवशी खेळावर जीव असलेल्या माणसाने त्या शहरात काय पाहावे, हे ज्याचे त्याला शोधावे लागते. परगावी जाणाऱ्या प्रेक्षकासाठी आपण एक छोटी नियमित चौकट सुरू करावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तिकीट मिळाले, विमान ठरले, हॉटेल ठरले, की प्रेक्षणीय स्थळांची यादी काढायची आणि मैदानावर टॅक्सीने जाऊ असे म्हणून तो विषय सोडून द्यायचा, अशी आपली सर्वसाधारण रीत असते. माझ्या पहिल्या दोन प्रवासांत मीही तेच केले. मोठ्या सामन्याच्या दिवशी मैदानाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात, टॅक्सी मैल-दीड मैल अलीकडेच सोडते आणि रात्री परतताना तर ती मिळतच नाही, हे तिथे गेल्यावर कळले. तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे. आधी परतीचा रस्ता ठरवतो, मग जाण्याचा, त्यानंतर हॉटेल, आणि शहर पाहण्याचे दिवस त्याभोवती बसवतो.

पहिली अडचण असते ती पत्त्याची. मैदान ज्या शहराच्या नावाने ओळखले जाते, त्या शहरात ते असतेच असे नाही. पॅरिसमधील म्हणून सांगितले जाणारे स्ताद दि फ्रान्स हे राष्ट्रीय मैदान पॅरिसच्या उत्तरेला सेंट डेनिस या वेगळ्या नगरात आहे. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचा १९ जुलैचा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या नावावर लागला, पण ज्या मैदानाला तो मिळाला ते हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सी राज्यातील ईस्ट रदरफर्ड येथे आहे. म्युनिकचे आलियान्झ अरेना शहराच्या उत्तर टोकाला फ्रॉटमानिंगला आहे, मात्र शहराच्या ऐन मध्यावरील मारिएनप्लाट्झ चौकातून मेट्रोची सहा क्रमांकाची गाडी सरळ तिथे नेते. याच्या अगदी उलट मेलबर्न. तिथले क्रिकेट मैदान शहराला खेटून आहे, रिचमंड आणि जोलिमोंट ही दोन रेल्वे स्थानके त्याच्या दोन बाजूंना आहेत, आणि फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकापासून यारा नदीच्या कडेने रमतगमत चालत जाता येते. कधी नावच फसवते. लंडनला विम्बल्डनची स्पर्धा पाहायला जाणारा नवखा माणूस विम्बल्डन स्थानकाचे तिकीट काढतो, वास्तविक त्याच डिस्ट्रिक्ट लाइनवर अलीकडे असलेले साउथफील्ड्स हे स्थानक टेनिसच्या कोर्टांना अधिक जवळचे आहे. म्हणूनच मुक्कामाची जागा मैदानाजवळ शोधण्यापेक्षा ज्या मार्गाची गाडी मैदानाला जाते त्याच मार्गावर शोधावी, मग ती आठ-दहा स्थानके दूर असली तरी चालेल, असे माझे मत झाले आहे. थकल्या पायांनी रात्री गाडी बदलावी न लागणे ही फार मोठी सोय आहे.

आता परतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रेक्षकाचा खरा कस तिथे लागतो. येताना लोक तीन-चार तासांत विखरून येतात, जाताना मात्र सगळे एकाच वेळी उठतात. मैदानांच्या सुरक्षिततेविषयी ब्रिटनमध्ये जी मार्गदर्शिका वापरली जाते, तिच्यानुसार प्रेक्षकांना स्टँडमधून आठ मिनिटांच्या आत बाहेर पडता आले पाहिजे. लंडनच्या वेम्बली मैदानात ९०,००० माणसे बसतात. एका गाडीत हजार माणसे धरली आणि दर दोन मिनिटांना एक गाडी सुटली असे मानले, तरी एका मार्गावरून तासाभरात तीस हजारच माणसे जातात. स्टँड मिनिटांत रिकामे होते आणि स्थानक तासांत, हा फरक ज्याला आधी माहीत असतो तो शांत राहतो, आणि ज्याला माहीत नसतो तो गर्दीत घुसून स्वतःचे व इतरांचे हाल करतो.

वेम्बलीवर आम्ही पहिल्यांदा सामना पाहिला, त्या संध्याकाळी मी, माझी पत्नी आणि पुतण्या असे तिघे होतो. मैदानापासून वेम्बली पार्क स्थानकापर्यंत एक सरळ, रुंद पायवाट जाते. त्या वाटेवर ती सगळी गर्दी एकदम स्थानकात जाऊ दिली जात नाही, टप्प्याटप्प्याने थांबवून पुढे सोडली जाते. आम्ही थांबलो तेव्हा आमच्यापुढे काही हजार डोकी असावीत. हरलेल्या संघाचा एक मध्यमवयीन चाहता खांद्यावर झोपलेल्या मुलाला घेऊन उभा होता, त्या मुलाच्या हातातला मफलर खाली घसरत होता आणि मागचे लोक आळीपाळीने तो उचलून त्याच्या खांद्यावर टाकत होते. मधूनच ध्वनिक्षेपकावरून पुढच्या तुकडीला केव्हा सोडणार हे सांगितले जाई. कोणी ढकलले नाही, कोणी ओरडले नाही. पाऊण तासाने आम्ही पायऱ्या चढून फलाटावर पोचलो आणि गाडीत बसायलाही जागा मिळाली. दुसऱ्या वेळी मात्र आम्ही आणखी सोपे केले. सामना संपल्यावर अर्धा तास जागेवरच बसून राहिलो आणि मग गर्दीच्या उलट दिशेला असलेल्या वेम्बली स्टेडियम नावाच्या छोट्या स्थानकावरून मेरिलबोनला जाणारी गाडी पकडली. त्या स्थानकाजवळ व्हाइट हॉर्स ब्रिज नावाचा पादचारी पूल आहे. १९२३ साली जुन्या वेम्बलीवर एफए कप या इंग्लंडमधील फुटबॉल स्पर्धेचा पहिला अंतिम सामना झाला तेव्हा अधिकृत नोंदीप्रमाणे १,२६,०४७ आणि अंदाजे दोन लाखांहून अधिक लोक आत शिरले होते, खेळाच्या हिरवळीवरही पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जॉर्ज स्कोरी या पोलिसाने बिली नावाच्या आपल्या पांढऱ्या घोड्यावरून इतर पोलिसांच्या साथीने लोकांना हळूहळू कडेला नेले. त्या घोड्याची आठवण म्हणून त्या पुलाला ते नाव आहे. परत जाताना त्याच पुलाजवळून जावे लागते, हे मला फार उचित वाटले.

गर्दीचा हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात सामना संपून लोक बाहेर पडत असताना तेरा क्रमांकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ जण मृत्युमुखी पडले. सामना पाहताना नाही, घरी निघताना ही माणसे गेली. वर उल्लेखलेली मार्गदर्शिका १९७३ साली निघाली ती त्या दुर्घटनेच्या चौकशीनंतरच. अलीकडचे उदाहरण २८ मे २०२२ चे आहे. पॅरिसजवळच्या त्याच राष्ट्रीय मैदानात लिव्हरपूल आणि रिअल माद्रिद यांच्यातील चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना प्रवेशद्वारांवरच्या गोंधळामुळे अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. त्या दिवशी मैदानाकडे जाणाऱ्या दोन उपनगरी मार्गांपैकी एकावर संप होता, त्यामुळे बाहेरून आलेल्या प्रेक्षकांचा मोठा लोंढा दुसऱ्या मार्गाने आला, एका अरुंद वाटेत तुंबला, आणि हातात वैध तिकीट असलेली कुटुंबे बंद दारांबाहेर अडकली. सुरुवातीला दोष प्रेक्षकांवरच ढकलण्यात आला. युरोपीय फुटबॉल महासंघाने नेमलेल्या स्वतंत्र समितीने पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालात मात्र मुख्य जबाबदारी महासंघाचीच असल्याचे म्हटले. त्या संपाची बातमी सामन्यापूर्वी उपलब्ध होती. प्रवासाची माहिती क्रीडापानाच्या कक्षेत येते की नाही, असा प्रश्न कोणाला पडत असेल तर त्याने या दोन घटना आठवाव्यात.

शेवटच्या गाडीची वेळ प्रत्येक शहरात वेगळी असते. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे चोवीस तास धावते. टोकियोत मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात आणि त्या थेट पहाटे सुरू होतात, त्यामुळे जादा वेळेत गेलेला सामना प्रेक्षकाला महागात पडू शकतो. लंडनमध्ये २०१६ पासून काही मार्गांवर रात्रभर गाड्या आहेत, परंतु त्या शुक्रवारी आणि शनिवारी रात्रीच, म्हणजे मधल्या वारी होणाऱ्या सामन्यांना त्यांचा उपयोग नाही. भाड्याच्या बाबतीतही एक बारकावा आहे. लंडनमध्ये बँकेचे कार्ड किंवा मोबाइल फाटकावर टेकवून प्रवास करता येतो आणि दिवसभरातील भाडे एका ठरावीक मर्यादेपर्यंतच कापले जाते, पण ही सवलत मिळण्यासाठी आत जाताना आणि बाहेर येताना तेच साधन टेकवावे लागते. तेच कार्ड मोबाइलमध्ये असले तरी मोबाइल वेगळा आणि प्लॅस्टिकचे कार्ड वेगळे धरले जाते. शिवाय प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड हवे, एकाच कार्डावर सगळे कुटुंब आत जाऊ शकत नाही.

पिशवीचा विषय मी मुद्दाम वेगळा घेतो, कारण त्याची झळ आम्हाला बसली आहे. एका शहरात सकाळी वस्तुसंग्रहालय पाहून आम्ही परस्पर मैदानावर गेलो. पाठीवरच्या सॅकमध्ये पासपोर्ट, पाण्याची बाटली, पावसासाठी छत्री आणि पत्नीची मधुमेहाची औषधे होती. प्रवेशद्वारावर समजले की ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. सामान ठेवण्याची सोय होती, पण ती मैदानाच्या पलीकडच्या अंगाला, आणि तिथेही लांब रांग. औषधे खिशात घेऊन बाकीचे ठेवून आम्ही जागेवर पोचलो तोपर्यंत चाळीस मिनिटांचा खेळ होऊन गेला होता आणि त्यातच दोन गोल झाले होते. तिकिटे पुतण्याच्या मोबाइलमध्ये होती. दिवसभर नकाशा आणि छायाचित्रे यांत बॅटरी संपत आलेली, आणि हजारो लोक एकाच जागी जमल्यामुळे इंटरनेट बंद पडल्यासारखे झालेले. आमच्या मागच्या एका भल्या बाईंनी आपली पॉवर बँक दिली म्हणून तिकिटाचा कोड फाटकावर दाखवता आला. नियम संकेतस्थळावर लिहिलेला होता, हे खरे आहे. तो आम्ही वाचला नव्हता, कारण असा काही नियम असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते. अमेरिकी फुटबॉलच्या मैदानांवर तर २०१३ पासून पारदर्शक पिशवीचाच नियम आहे. सामन्याच्या आदल्या रात्री तिकीट मोबाइलमध्ये उतरवून घ्यावे आणि सामन्याच्या दिवशी खिशात मावेल तेवढेच घेऊन बाहेर पडावे, एवढ्या दोन ओळी छापल्या गेल्या असत्या तरी आमचे ते दोन गोल चुकले नसते.

काही यजमान शहरे प्रेक्षकाचा प्रवास हा सामन्याचाच भाग मानतात, हे आवर्जून सांगायला हवे. जर्मनीत २००६ च्या विश्वचषकात सामन्याचे तिकीट हेच त्या दिवशीचे स्थानिक वाहतुकीचे तिकीट होते. तिथेच २०२४ साली झालेल्या युरोपीय स्पर्धेत तिकीटधारकांना यजमान शहरात ३६ तासांचा प्रवास मिळाला. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शहरातील स्पर्धांच्या तिकिटासोबत त्या दिवसाचा प्रवास पास दिला जाई, आणि स्थानकांतून गडद गुलाबी फलक प्रेक्षकाला थेट मैदानाच्या दारापर्यंत नेत असत. अशी सोय असूनही ती माहीत नसल्यामुळे स्वतंत्र तिकीट काढून दुहेरी खर्च करणारे प्रेक्षक मी पाहिले आहेत. कोणत्या स्पर्धेत ही सोय आहे आणि कोणत्या नाही, हे आपले वार्ताहर संयोजकांना विचारू शकतील. वृत्तपत्राने विचारले की संयोजकांनाही त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागते.

शहर पाहण्याविषयी आता लिहितो. सामन्याच्या दिवशी दुसरे काही पाहू नये, हे माझे ठाम मत आहे. त्या दिवशी तीन तास आधी मैदानाच्या परिसरात जावे आणि गल्ल्यांतून फिरावे, ते मैदान कोणत्या वस्तीत उभे आहे हे पाहावे. बाकीच्या दिवसांत मात्र खेळाच्याच धाग्याने शहर पाहता येते आणि नेहमीच्या पर्यटकाला न दिसणारे शहर दिसते. लंडनच्या आर्सेनल स्थानकात फलाटावरच्या फरशांत ‘गिलेस्पी रोड’ हे त्याचे जुने नाव आजही वाचता येते. १९३२ साली क्लबच्या नावावरून स्थानकाचे नाव बदलले गेले, पुढे २००६ साली क्लबचे मैदानही जवळच्या नव्या जागी गेले, नाव मात्र राहिले. लॉर्ड्सला सामना नसताना आतून फेरी मारता येते. तिथे पॅव्हेलियनच्या बाजूने उभे राहिल्यावर मैदानाचा तो उतार डोळ्यांना स्पष्ट दिसतो, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे अडीच मीटरचा. दूरचित्रवाणीवर तो कधी जाणवला नव्हता. २५ जून १९८३ रोजी भारताने ४३ धावांनी जिंकलेला अंतिम सामना याच उतारावर झाला, हे आठवून मी तिथे बराच वेळ उभा होतो. संग्रहालयातला अॅशेसचा कलश इतका लहान आहे की तो वीतभरही भरत नाही. तिथून नदीपलीकडे नॉर्दर्न लाइनने ओव्हलला जावे. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवरील भारताचा पहिला कसोटी विजय तिथे मिळवला आणि चंद्रशेखर यांनी दुसऱ्या डावात ३८ धावांत ६ बळी घेतले. ज्यांनी तो सामना रेडिओवर ऐकला त्या पिढीतील कोणी सोबत असेल तर ही फेरी चुकवू नये.

अथेन्सचे एक मैदान मात्र मला सगळ्यांत अधिक भावले. पॅनाथिनाइक स्टेडियम संपूर्ण संगमरवरी आहे, ते शहराच्या मधोमध आहे, आणि तिकीट काढून कोणीही त्याच्या धावपट्टीवर चालू शकतो. १८९६ चे पहिले आधुनिक ऑलिम्पिक तिथे झाले आणि २००४ च्या मॅरेथॉनचा शेवटही तिथेच झाला. आम्ही सकाळी दार उघडताच गेलो होतो. धावपट्टी अरुंद आणि वळणे इतकी तीव्र आहेत की आजच्या धावपटूला तिथे वेग राखणे अवघड जावे. दगडी बाकांवर सकाळचे ऊन पडले होते, आमच्याशिवाय तिथे एक शाळकरी मुलगी आणि तिचे आजोबा होते, आणि ती मुलगी एक फेरी पूर्ण धावून आजोबांपुढे येऊन थांबली तेव्हा आम्ही चौघा अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. सामन्याचे तिकीट नसतानाही मैदान पाहायला जावे असे मी म्हणतो ते अशा सकाळींसाठी.

तेव्हा माझी विनंती अशी की कोणत्याही मोठ्या स्पर्धेपूर्वी यजमान शहरागणिक एक चौकट द्यावी. मैदानाचे जवळचे आणि त्याखेरीज थोडे लांबचे पण कमी गर्दीचे स्थानक, शेवटच्या गाडीची वेळ, पिशवीचा नियम, तिकिटात प्रवास समाविष्ट आहे का, आणि वयस्कर किंवा अपंग प्रेक्षकांसाठी कोणत्या स्थानकावर लिफ्ट आहे, एवढे पुरे. शहरातले खेळाशी संबंधित एखादे ठिकाण त्यात आले तर आनंदच होईल. सामन्याच्या आदल्या दिवशी संप, दुरुस्तीचे काम किंवा बंद मार्ग यांची बातमी असेल तर ती सामन्याच्या बातमीलगत असावी, आतल्या पानावर नसावी. माझ्या वहीत आजवर पाहिलेल्या मैदानांची स्थानकांसह टिपणे आहेत. नियम आणि वेळा बदलत असल्याने ती तपासून घ्यावी लागतील, परंतु आपल्या क्रीडाविभागाला सुरुवातीसाठी हवी असल्यास मी त्यांची नक्कल आनंदाने पाठवीन.

कळावे,
आपला नम्र,
एक क्रीडाप्रेमी वाचक